हिरवी तार

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. गावोगाव बाजार भरतो, दंडारीचे ढोल वाजतात आणि रात्रभर नाटक रंगते. पहाटेच्या थंडीत डोळे चोळत परतल्याखेरीज आमची दिवाळी पुरी होत नाही. १९७१ सालची अशीच एक पहाट माझ्या चांगली स्मरणात आहे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. अर्जुनी-मोरगावकडची मंडई करून मामांच्या ॲम्बॅसडरमधून आम्ही सारी मंडळी घरी निघालो होतो. डिकीत मामीने घेतलेली खरेदी ठासून भरली होती.

नवेगावबांध मागे पडले आणि जंगल लागले. उतारावर मामांनी ब्रेक दाबला, तशी जळक्या रबराची घाण येऊ लागली. दुसऱ्यांदा दाबला आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला. मामी ओरडली, पोरे रडू लागली. मामांनी गाडी थांबवून बॉनेट उघडले आणि पान्याने बॅटरीचे टोक सोडवले, म्हणून निभावले. उरलेली रात्र आम्ही रस्त्याच्या कडेला अनारसे खात आणि कोल्हेकुई ऐकत काढली. सकाळी एका ट्रकने ओढून गाडी गोंदियात आणली.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी फ्यूजची पेटी उघडली आणि ते नुसते हसले. फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. बिडीच्या मुलखात ही करामत करायला कोणी मुद्दाम सिगारेट ओढली असावी! मामांनी खाली मान घालून कबूल केले, की फ्यूज वारंवार उडत असे, म्हणून वाटेत कोणाकडून तरी हा 'इलाज' करून घेतला होता.

"शेठ, फ्यूज खराब नोहता," मिस्त्री म्हणाले, "तो बिचारा ओरडून सांगत होता. तुमी त्याचं तोंड बांधलं."

त्या दिवाळीच्या सुटीत मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो, आणि तारांच्या जंजाळालाही इतिहास असतो हे मला प्रथम कळले.

ॲम्बॅसडर ही मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक. तिची विजेची घडण ल्यूकस घराण्यातली. बर्मिंगहॅमचे जोसेफ ल्यूकस एकोणिसाव्या शतकात दिवे विकून पुढे आले. त्यांच्या कारखान्याने इंग्रजी मोटारींना दिव्यांबरोबर रंगांची एक लिपीही दिली. तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट आलेली. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जागी होणारी. ही दोन्ही फ्यूजशिवाय धावतात. पांढरीचा प्रवाह फ्यूजमधून पलीकडे गेला, की तार हिरवी होते. तपकिरीचा गेला, की जांभळी. मोठ्या दिव्यांच्या तारा निळ्या, मागच्या बारीक दिव्यांच्या लाल, आणि काळी म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. तारेवर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असली, तर ती शाखेचे नाव सांगते. हिरवीवर जांभळी रेघ ही ब्रेकच्या दिव्याची तार. आमच्या डिकीत पत्र्याच्या भोकावर घासून सोलली होती ती हीच. मामीच्या सामानाने ती पत्र्याला दाबली गेली आणि ब्रेक दाबताच आग पेटायची वेळ आली.

घरातल्या विजेची सवय घेऊन मोटारीला हात लावणारा येथे हमखास फसतो. त्या काळी आपल्या घरात लाल तार जिवंत, काळी न्यूट्रल आणि हिरवी जमिनीची. मोटारीत हिरवीच जिवंत! शिवाय फार जुन्या कित्येक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोकच सांगाड्याला जोडलेले असे. रंग तेच, भाषा निराळी.

फ्यूजच्या आकड्यांचेही तसेच. ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असते. तो वितळण्याचा आकडा. सतत वाहायचा भार त्याच्या निम्म्याइतकाच. म्हणून त्या जागी आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज बसवला, तर तारेचे रक्षण होतच नाही. फियाटसारख्या युरोपीय गाड्यांतले चिनी मातीचे फ्यूज रंगाने ओळखायचे : पिवळा ५ अँपिअरचा, पांढरा ८ चा, लाल १६ चा. पुढे १९७६ साली अमेरिकेत चपट्या पात्यांचे फ्यूज निघाले. त्यांत पिवळा २० चा आणि लाल १० चा. नुसत्या रंगावर विसंबणाऱ्याची फजिती व्हायला आणखी काय हवे?

जर्मनांनी रंगांपेक्षा आकड्यांवर भिस्त ठेवली. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली श्टुटगार्टमध्ये कारखाना काढला. त्या परंपरेतले विजेचे सामान १९५१ पासून बंगलोरच्या मायको कंपनीमुळे, आणि जर्मन बांधणीचे ट्रक १९५४ पासून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यामुळे, आपल्या ओळखीचे झाले. त्यांच्या लिपीत ३० म्हणजे बॅटरीचे धन टोक, १५ म्हणजे किल्लीनंतरचे, ३१ म्हणजे सांगाडा. रिलेवर ८५ आणि ८६ ही आतल्या वेटोळ्याची टोके, तर ३० वर आलेला प्रवाह ८७ मधून बाहेर पडतो. ल्यूकसच्या जुन्या रिलेवर याच कामासाठी डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ आणि सी-१, सी-२ अशी अक्षरे असत.

रिलेची कहाणी तर मोटारीहून जुनी आहे. अमेरिकेचे जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास क्षीण प्रवाहाकडून दुसरा जोरकस प्रवाह चालू करून दाखवला. तारायंत्राला हीच युक्ती हवी होती. इंग्रजीत रिले म्हणजे वाटेत बदलायचे ताजे घोडे; आपली डाकेची चौकी तीच! दमलेल्या घोड्याने निरोप द्यायचा आणि ताज्याने तो पुढे न्यायचा. मोटारीतही बटणाची बारीक तार फक्त निरोप देते. हॉर्नचा भार उचलते ती जाड तार.

मिस्त्रींची पद्धत अगदी साधी होती. आधी बॅटरीचे टोक सोडायचे. तार तेलामातीने काळी पडली असेल, तर टोकाची नळी किंवा पट्टी सरकवून पाहायचे. ऊन न लागलेल्या जागी मूळ रंग टिकून असतो. मग बॅटरी जोडून बारा व्होल्टचा बल्ब घ्यायचा, त्याची एक तार सांगाड्याला लावायची आणि दुसरी फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवायची. एकीकडे उजेड आणि दुसरीकडे अंधार असला, तर दोष फ्यूजचा किंवा त्याच्या गंजलेल्या पकडीचा. रिले टकटकतो पण काम होत नाही, म्हणजे वेटोळे शाबूत. दोष पुढे शोधायचा. आणि कापण्याआधी प्रत्येक तारेला कापडाची चिंधी बांधून तिचे नाव लिहायचे.

"कापाले पक्कड पुरते, बाबू," ते म्हणत, "समजाले डोकं लागते. अन् जोडशील तर त्याच रंगाची जोड. तुझ्यामागून येणाऱ्याले फसवू नोको."

हिरवी तार संपली, तर ते दुसरी आणायला मला सायकलवरून बाजारात पिटाळत. हाताशी असलेली लाल जोडून देत नसत. तेव्हा हा हट्ट मला म्हातारचळ वाटे. पुढे दुसऱ्यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्या उघडू लागलो, तेव्हा इथून तिथून एकाच लाल तारेने सांधलेले जंजाळ पाहून त्या हट्टाची किंमत कळली.

ॲम्बॅसडरची निर्मिती २०१४ साली थांबली. मामा गेले, मिस्त्रीही गेले. गाडी आमच्या अंगणात आहे. तिच्या फ्यूजपेटीत फ्यूज दोनच, पण दोन जादा फ्यूज ठेवण्याची सोय तिच्या घडवणाऱ्यांनी तिथेच करून ठेवली होती. त्या रात्री ती जागा रिकामी होती. आता भाऊबीजेला, मंडईला निघण्यापूर्वी, मी बॉनेट उघडून ती जागा भरलेली आहे ना ते पाहतो. मगच पोरांना गाडीत बसू देतो.