चाक, हमाल आणि सात किलो

गेल्या डिसेंबरात एका परिषदेसाठी चेन्नईला गेले होते. परतताना विमानतळाच्या दारापाशी टॅक्सीतून बॅग उतरवली, दोन पावलं ओढली आणि मागून खर्रर्र आवाज. बघते तर एका चाकावरचं रबरासारखं आवरण गळून पडलेलं आणि आतला प्लास्टिकचा गाभा फरशीवर घासतोय. दुसरं चाक बोटाने दाबून पाहिलं, तर शिळ्या केकसारखा त्याचा चुरा हातात आला. बॅग चार वर्षांपूर्वीची, पण वापरली असेन जेमतेम पाच-सहा वेळा. बाकी सगळा काळ ती घरी माळ्यावर होती. कवच मात्र ठणठणीत, धड ओरखडाही नाही.

नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच, माझी पीएचडी पॉलिमर का आणि कसं तुटतं यावर चालू आहे. त्यामुळे हा प्रसंग लॅबमध्ये आठवडाभर पुरला. विनोद संपल्यावर नवी बॅग घ्यायची वेळ आली, तीही फेलोशिप खात्यावर उशिरा जमा होते त्या महिन्यात. दुकानात गेले की मी विचारायचे, "टिकाऊ आहे ना?" आणि दुकानदार बॅगेच्या पाठीवर मूठ आपटून दाखवायचा. एकाने तर मला वर उभं राहायला सांगितलं! तिसऱ्या दुकानात माझ्या लक्षात आलं की प्रश्न माझा चुकतोय आणि उत्तर त्याचं. दोन्ही किमान शंभर वर्षं जुनी आहेत. ती कुठून आली ते बघू, म्हणजे आज पैसे कशावर घालायचे तेही कळेल.

बॅगेचा आकार आपण आपल्या सोयीने ठरवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वाहन ठरवतं. घोडागाडीच्या काळातल्या पेट्यांची झाकणं घुमटासारखी फुगीर असत, कारण पेटी गाडीच्या टपावर उघड्यावर असायची आणि पावसाचं पाणी ओघळून जायला हवं. रेल्वे आणि आगबोटी आल्यावर सामान छपराखाली गेलं, एकावर एक रचलं जाऊ लागलं. १८५८ मध्ये पॅरिसच्या लुई व्हितॉंने सपाट झाकणाची ट्रंक आणली ती या नव्या वाहनांसाठी. आज त्या नावाची पर्स आपल्या वर्षभराच्या फेलोशिपमध्येही बसत नाही, पण सुरुवात रचून ठेवायच्या पेट्यांपासून झाली.

'केबिन बॅग' हा शब्दही विमानाचा नव्हे, बोटीचा. बोटीच्या प्रवासात सामानाचे दोन भाग पडत. प्रवासात लागणार नाही ते खाली तळघरात, आणि लागेल ते केबिनमध्ये, बर्थखाली. म्हणून केबिन ट्रंक बसक्या बांधणीची, साधारण १४ इंच उंचीची असे. १४ इंच म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर, आणि आज आपल्याकडच्या विमानात बॅगेची रुंदी ३५ सेंटिमीटरच्या आत मागतात! हा योगायोग आहे, यातून सिद्धांत काढू नका. पण मला तो आवडतो.

आपल्याकडे या पेटीची झाली पत्र्याची ट्रंक, आणि तिच्या जोडीला आला होल्डॉल, कारण रेल्वेत अंथरूण आपलं आपण न्यायचं. आमच्या आजोबांची ट्रंक अजून घरी आहे. मागच्या सुट्टीत मी ती रिकामी करून वजनकाट्यावर ठेवली. साडेनऊ किलो, एकही कपडा न भरता. आजोबांना या वजनाचं काही वाटत नसे, कारण ती त्यांनी क्वचितच उचलली. फलाटावर लाल डगल्यातला हमाल होता, तो ट्रंक डोक्यावर आणि होल्डॉल खांद्यावर घ्यायचा. ट्रंक आणि होल्डॉलची तारीफ आपण पुष्कळ ऐकतो, पण त्यांचा टिकाऊपणा दुसऱ्याच्या मणक्यावर उभा होता हेही ध्यानात ठेवायला हवं. सामान वाहणारा माणूस स्वस्त असेल तर बॅग कितीही जड चालते. आणि ती फेकली जाणार, आपटली जाणार, तिच्यावर चार ट्रंका चढणार. म्हणजे टिकाऊ याचा अर्थ एकच : चेपता कामा नये.

अमेरिकेतही तेच. जेसी श्वायडरने १९१० मध्ये डेन्व्हरला पेट्यांचा धंदा सुरू केला आणि बायबलमधल्या बलदंड सॅमसनचं नाव मालाला दिलं. पुढे कंपनीच सॅमसोनाइट झाली. तिची सुरुवातीच्या काळातली प्रसिद्ध जाहिरात म्हणजे एक फोटो : सुटकेसवर फळी टाकलेली, आणि फळीवर जेसी, त्याचे वडील आणि भाऊ कोट-पॅन्ट घालून उभे. अमेरिकन टुरिस्टरची पिंजऱ्यातल्या गोरिलाची टीव्हीवरची जाहिरातही त्याच जातीची. गोरिला सुटकेस आपटतो, तिच्यावर नाचतो, सुटकेस शाबूत. (बऱ्याच लोकांना ती सॅमसोनाइटची जाहिरात म्हणून आठवते. ती तशी नव्हती, पण अमेरिकन टुरिस्टर पुढे सॅमसोनाइटकडेच गेली, त्यामुळे चूक आपोआप अर्धी दुरुस्त झाली.) मला बॅगेवर उभं राहायला सांगणारा दुकानदार हा त्या फळीचाच वारसदार.

आता गंमत अशी, की 'चेपता कामा नये' हा प्रश्न रसायनशास्त्राने केव्हाच सोडवून टाकला. १९५३ मध्ये बायर कंपनीच्या हेरमान श्नेलने पॉलिकार्बोनेट बनवलं, जवळपास त्याच वेळी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सनेही. १९५४ मध्ये मिलानला ज्युलिओ नात्ताने स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन मिळवलं आणि त्या कामाला १९६३ चं नोबेल झीग्लरसोबत विभागून मिळालं. एबीएस हे तिसरं प्लास्टिकही त्याच दशकातलं. दुकानातल्या बहुतेक कडक बॅगा या तिघांपैकी एकाच्या, किंवा एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणाच्या असतात.

१९७० च्या दशकात मुंबईच्या व्हीआयपीने साच्यातून काढलेली प्लास्टिकची सुटकेस आपल्या मध्यमवर्गाच्या घरात आणली. लग्नात मुलीसोबत ट्रंकेऐवजी सुटकेस जाऊ लागली ती तेव्हापासून. नाशिकच्या परिसरात व्हीआयपी आली आणि पुढे गोंदे इथे सॅमसोनाइटही. कुठल्याही देशात मिरवणाऱ्या एखाद्या बॅगेचा जन्म इगतपुरीच्या पावसात झालेला असू शकतो.

तर कवच कुठलं घ्यावं? पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९, एबीएसची साधारण १.०५, पॉलिकार्बोनेटची १.२. म्हणजे सारख्या जाडीला पॉलिप्रॉपिलीन सगळ्यात हलकं, आणि बहुधा स्वस्तही. ते दबतं आणि परत येतं. शाम्पूच्या बाटलीचं टिचकीने उघडणारं झाकण हजार वेळा वाकून तुटत नाही, ते हेच प्लास्टिक. थंडीत ते ठिसूळ होतं हे खरं, पण केबिनची बॅग आपल्यासोबतच असते, विमानाच्या पोटात नाही. पॉलिकार्बोनेट सगळ्यात चिवट. जर्मनीच्या रिमोवाने २००० मध्ये त्याची सुटकेस काढली आणि बाकीचे मागे गेले. एबीएस जरा ताठ, वाकवलं की पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच तडा जातो. माझ्यासारख्या बजेटला पॉलिप्रॉपिलीन पुष्कळ झालं. याहून जास्त वेळ कवचावर घालवू नका. तुमच्या केबिन बॅगेवर गोरिला नाचणार नाही.

कारण मधल्या काळात वाहणारा माणूस बदलला. बर्नार्ड सॅडो हा अमेरिकेतल्या सामानाच्या कंपनीतला अधिकारी. १९७० मध्ये कुटुंबासह अरुबाहून परतताना दोन जड सुटकेस ओढत असताना त्याला एक कामगार दिसला, चाकांच्या फळीवर जड यंत्र सहज ढकलत नेणारा. त्याने घरी येऊन सुटकेसच्या तळाला चार छोटी चाकं आणि एक पट्टा लावला. १९७२ मध्ये पेटंट मिळालं. चंद्रावर माणूस उतरल्यानंतर सुटकेसला चाक लागलं, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याआधीही चाकांचे प्रयत्न झाले होते, चालले नाहीत इतकंच. सॅडोलाही दुकानांनी आधी परतच पाठवलं. कारण त्याने स्वतःच नंतर सांगितलं : पुरुषाने बॅग ओढत नेणं हे बायकी समजत. शेवटी मेसीज या दुकानाने ती विकायला ठेवली.

सॅडोची बॅग मात्र वळणावर कलंडायची, कारण चाकं अरुंद आणि ओढ वरून, मऊ पट्ट्याने. १९८७ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा वैमानिक रॉबर्ट प्लाथने ती उभी केली, चारऐवजी दोन चाकं लावली आणि आतून बाहेर येणारा कडक दांडा बसवला. आधी त्याने ती सहकारी वैमानिकांना आणि हवाई सुंदरींना विकली. प्रवाशांनी त्यांना विमानतळावर ऐटीत जाताना पाहिलं आणि मागणी सुरू झाली. आजची ट्रॉली बॅग ती हीच.

आपल्या फलाटांवरही ती आली आणि हमालाची गिऱ्हाइकं घटत गेली. २००८ मध्ये रेल्वेने परवानाधारक हमालांना गँगमनच्या नोकरीत घ्यायचं जाहीर केलं. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी 'कुली'चं नाव बदलून 'सहायक' केलं. नाव बदललं तोवर आपण आपले हमाल झालो होतो.

त्याच २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने खाली द्यायच्या पहिल्या बॅगेलाच पैसे लावले, इतरांनीही तेच केलं, आणि सगळे सामान डोक्यावरच्या कप्प्यात कोंबू लागले. आपल्याकडे देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, चाकं आणि दांड्यासकट. आजोबांची ट्रंक रिकामीच या परीक्षेत नापास. बॅग तीन किलोची घेतलीत तर तुमच्या वाट्याला चारच किलो उरतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न रिकामी किती भरते हा विचारा. लेबलावर नसेल तर काटा मागा. आणि खाली उभी चार फिरती चाकं पाच सेंटिमीटर खात असतील, तर ५५ मधली नऊ टक्के उंची गेली. दोन चाकांची जुनी रचना चाकं कोपऱ्यात आत घेते, त्यामुळे तिथे नुकसान कमी.

आता माझ्या विषयाकडे येते. वजन हातावर आल्यापासून बॅग तुटते ती चाकाशी, दांड्याशी आणि चेनशी. चाक लहान असलं की काय होतं ते बघा. २५ मिलिमीटर त्रिज्येचं चाक १० मिलिमीटर उचललेल्या पेव्हर ब्लॉकला अडलं, तर वर चढायला त्या चाकावरच्या भाराच्या १.३३ पट जोराने आडवं ओढावं लागतं. त्रिज्या दुप्पट केली तर ०.७५ पट. दर धक्क्याचा हा जोर अक्षाला आणि चाकाच्या घराला सोसावा लागतो. आपले फुटपाथ तुम्हाला ठाऊक आहेत. गुळगुळीत विमानतळावर चार चाकं छान, फलाट आणि फुटपाथ असेल तर दोन मोठी चाकं बरी.

आणि माझी चाकं न वापरताच का गेली? पुष्कळ चाकांचं आवरण पॉलियुरेथेनचं असतं. त्यातला एस्टर प्रकार स्वस्त आणि चिवट, पण हवेतली वाफ त्याच्या साखळ्या हळूहळू तोडते. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट कपाटात राहून त्याचा तळ सुटतो तो यामुळेच. १९७०-८० च्या दशकांतल्या ध्वनिफितींच्या लेपातही हेच द्रव्य होतं, त्या चिकट होतात, आणि ऐकण्याआधी मंद आचेवर भाजाव्या लागतात. (खरंच, ओव्हनमध्ये!) किनारपट्टीच्या दमट हवेत, पावसाळ्यातल्या माळ्यावर, माझी चाकं चार वर्षं हेच करत होती. ईथर प्रकारचं पॉलियुरेथेन वाफेला पुष्कळ दाद देत नाही. पण कुठलं वापरलंय ते लेबलावर लिहिलेलं नसतं, आणि हाताला दोन्ही सारखीच लागतात.

दांडा पूर्ण बाहेर काढून हलवून बघा, नवीनच खुळखुळत असेल तर राहू द्या. चेन जाड दातांची हवी, आठ किंवा दहा नंबरची. नंबर म्हणजे साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. कापडी बॅगेवर १६८०डी वगैरे लिहितात, ते डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जाडीचा आहे, दर्जाचा नाही. त्याच आकड्याचा नायलॉन घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतो.

राहिलं चाक. ते किती टिकेल हे दुकानात मला, पॉलिमरमध्ये सहा वर्षं घालवूनही, सांगता येत नाही. ते बदलता येईल का हे मात्र दिसतं. अस्तराला आतून चेन असते, ती उघडा आणि चाकाच्या घरापाशी बघा. स्क्रू असतील तर पाच मिनिटांचं काम. मी शेवटी अडीच किलोच्या आतली, दोन चाकांची, पॉलिप्रॉपिलीनची बॅग घेतली, आणि जुनी आमच्या चौकातल्या बॅग दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी कवचाकडे पाहिलंसुद्धा नाही. बॅग उलटी केली, अस्तरात हात घातला, चाचपलं आणि म्हणाले, "स्क्रू आहेत, होऊन जाईल." साडेतीनशे रुपये घेतले. शेजारी एका गिऱ्हाइकाची चकचकीत बॅग पडली होती, माझ्या दोन्ही बॅगांहून महाग. तिची चाकं रिव्हेटने ठोकलेली होती, आणि काका त्या गिऱ्हाइकाला ती परत न्यायला सांगत होते.