उबेने मारलेली ऑर्किडं

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या धनिकांनी ऑर्किडांवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि हजारो रोपं मारली. दुर्लक्षाने नव्हे, लाडाने. रोप उष्ण प्रदेशातलं, म्हणजे त्याला कोंदट, वाफाळलेलं काचघरच मानवणार, अशी माळ्यांची ठाम समजूत होती. भट्ट्या धगधगत, खिडक्या बंद. मुळं कुजून जात.

काहींना तर ही बांडगुळंच वाटत. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. फांदीवरचं ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. सह्याद्रीत आंब्या-फणसावर लोंबणारी सीतेची वेणी त्यातलीच. तिच्या मुळांवर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं मूळ चंदेरी दिसतं. पाणी पडलं की ते शोषून बघता बघता हिरवट होतं. पुन्हा भिजण्याआधी त्याला वारा लागतो. काचघरात नेमका तोच नव्हता.

चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने काचघरात खेळती हवा आणली, तापमान उतरवलं. त्याचे धनी, डेव्हनशरचे सहावे ड्यूक, यांनी 1835 साली जॉन गिब्सन या तरुण माळ्याला रोपं आणायला भारतात धाडलं. खासी टेकड्या पालथ्या घालून तो 1837 मध्ये परतला. डेंड्रोबियम गिब्सोनाय या ऑर्किडाच्या नावात तो आजही आहे.

1850 मध्ये त्याच टेकड्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना निळी वांदा हे ऑर्किड घोसाघोसांनी फुललेलं दिसलं. कुठे? तीन-चार हजार फुटांवर, खुरट्या, विरळ पानांच्या ओक वृक्षांवर, ऊन-पाऊस-वारा थेट अंगावर घेत. फांद्यांवर शेवाळसुद्धा नव्हतं. मुळं खरबरीत, कोरड्या सालीवर पसरलेली. हवा दमट, पण कोंडलेली नाही. विलायती काचघराच्या अगदी उलट.

हे नोंदवणाऱ्या हूकरांनीच लंडनच्या क्यू उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरून वांदा उपटली. त्यातली थोडीच जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थाच्या माळ्याने नेलेल्या एका ओझ्याचे मात्र तीनशे पौंड आले. अशा लुटीने पुढे टेकड्या ओरबाडल्या गेल्या. आज भारताच्या वन्यजीव कायद्याने निळ्या वांदाला संरक्षण आहे.

आता रोपवाटिकेत वाढवलेली वांदा पट्ट्यांच्या लाकडी टोपलीत टांगतात. माती नाही, मुळं मोकळी लोंबणारी. सकाळी पाण्याचा फवारा. दुपारपर्यंत मुळं पुन्हा चंदेरी.