परमिट कोणाचे आणि मंच कोणाचा? मुंबईतील मद्य व संगीत परवान्यांचा इतिहास

महाराष्ट्रात एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही 'परमिट रूम' ही पाटी अपरिचित नाही. बहुधा तिच्याशेजारीच 'फॅमिली रूम वेगळी' अशी दुसरी पाटीही असते. पदव्युत्तर अभ्यासाला येईपर्यंत माझी अशी समजूत होती की हे परमिट हॉटेलमालकाचे असते. प्रत्यक्षात ते पिणाऱ्याचे असते. मालकाजवळ असते ती अनुज्ञप्ती, म्हणजे परमिटधारकाला तेथे बसून पिऊ देण्याची परवानगी.

आजचा धागा या दोन कागदांविषयी आणि त्यांच्या जोडीने लागणाऱ्या तिसऱ्या कागदाविषयी आहे. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या उपाहारगृहाला आपल्या मंचावर गाणे-बजावणे करायचे असेल, तर पोलीस आयुक्तालयाकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यावर असलेल्या एका आकड्यासाठी मुंबईतील बारमालकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो आकडा होता ४.

पण सुरुवात दारूपासून करू.

१ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. खात्याचे मंत्री होते डॉ. एम. डी. डी. गिल्डर. ते स्वतः पारशी, आणि शहरातील दारू व ताडीच्या व्यापारात पारशी समाजाचा मोठा वाटा; त्यामुळे विरोध घरातूनच झाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरून गेला. स्वातंत्र्यानंतर तो अधिक पक्क्या पायावर परत आला: मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली.

या कायद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. सामान्य कायदा एखादी गोष्ट करू देतो आणि मग तिला मर्यादा घालतो. येथे क्रम उलटा आहे. मद्य बनवणे, बाळगणे, विकणे, पिणे हे सारे आधी निषिद्ध. मग परवाना, अनुज्ञप्ती, पास या रूपांनी अपवाद. म्हणजे नियम 'नाही' हाच, आणि प्रत्येक 'होय' ही सरकारची मेहेरबानी.

या रचनेला पहिले मोठे आव्हान दिले एफ. एन. बलसारा या मुंबईकराने. त्यांची मागणी वाचून हसू येते, पण ती विलक्षण हुशारीची होती. व्हिस्की, ब्रँडी, वाइन आणि बिअर यांच्या जोडीला त्यांनी औषधी वाइन, युडी कोलन आणि लॅव्हेंडर वॉटर बाळगण्याचा हक्कही मागितला. कायद्याने 'मद्य' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली होती की अत्तराची बाटलीही तिच्यात सापडत होती. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकंदरीत वैध ठरवला. मात्र मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदीचा भाग रद्द केला. बलसारांना लॅव्हेंडर वॉटर मिळाले, व्हिस्की नाही.

पुढची दीड दशके मुंबई आरोग्याच्या कारणावर मिळणाऱ्या परमिटांवर आणि 'आंटीच्या अड्ड्यां'वर प्याली. गिरगाव, वांद्रे, माहीम भागांतील गोवेकर व ईस्ट इंडियन ख्रिस्ती स्त्रियांनी आपल्या घरांत चालवलेल्या या अड्ड्यांविषयी बरेच स्मरणरंजन झाले आहे. हप्ते, धाडी आणि विषारी दारू ही त्याचीच दुसरी बाजू होती, हे सहसा सांगितले जात नाही.

१९६० च्या दशकाच्या मध्यास, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, धोरण सैल झाले. परमिट सुलभ झाले, परमिटधारकांना बसून पिता येईल अशा खोल्या उपाहारगृहांत निघाल्या. मात्र कायदा रद्द झाला नाही. तो आजही आहे. फक्त नावातील 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले. आजही कागदोपत्री मद्यपानासाठी परमिट लागते, एका दिवसाचे परमिट ५ रुपयांना मिळते, आणि बारमालक 'एफएल ३' नावाची अनुज्ञप्ती घेऊन धंदा करतो. 'एफएल' म्हणजे फॉरिन लिकर, विदेशी मद्य. महाराष्ट्रातच गाळलेली व्हिस्कीही सरकारदरबारी विदेशीच, कारण देशी या शब्दावर संत्रा-मोसंबीच्या बाटल्यांनी आधीच हक्क सांगितला आहे.

आता संगीताकडे वळू. याचा परवाना उत्पादन शुल्क विभाग देत नाही, पोलीस देतात. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी १९६० मध्ये नियम करण्यात आले. या नियमांच्या लांबलचक नावातच 'मेळे आणि तमाशे' यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही नोंद मला फार बोलकी वाटते.

मेळे म्हणजे गणेशोत्सवातील पदे गाणारी पथके. लोकमान्यांच्या काळात त्यांच्या पदांत राजकारण शिरले आणि ब्रिटिश पोलिसांची करडी नजर त्यांच्यावर बसली. तमाशाबद्दलची भीती वेगळी होती. तेथे राजद्रोह नव्हे, तर लावणी आणि ती नाचणारी स्त्री हा चिंतेचा विषय होता. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठवली. १९६० चे नियम या साऱ्या अनुभवाचा वारसा घेऊन आले. संगीत हा कलेचा विषय न राहता बंदोबस्ताचा विषय झाला.

म्हणजे दारूचा कागद दारूबंदीच्या पोटी जन्मला आणि गाण्याचा कागद तमाशाच्या भीतीपोटी. १९८० च्या दशकात मुंबई, ठाणे, रायगडात डान्स बार वाढू लागले, ते या दोन कागदांच्या आधारावर. आधी मंचावर गझल व चित्रपटगीते गाणारे कलावंत होते, मग नृत्य आले. नर्तकींपैकी अनेकजणी पिढ्यानपिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींतील होत्या. उत्तरेतील बेडिया, नट, तशा आपल्याकडील कोल्हाटी. अनेकजणी मात्र या परंपरेच्या बाहेरच्या, घरचा कमावता माणूस गेलेल्या किंवा गिरणी बंद पडलेल्या कुटुंबांतील होत्या. वृत्तपत्रांनी 'बारबाला' हा शब्द रूढ केला आणि त्या शब्दाने या सगळ्यांची एकच जात करून टाकली.

२००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तरुण पोरे बरबाद होतात, घरे मोडतात, मुलींचे शोषण होते, असे त्यामागचे म्हणणे होते. हे म्हणणे पोकळ नव्हते. याच राज्यात दारूविरुद्ध स्त्रियांनी मोठे लढे दिले आहेत: गडचिरोली जिल्ह्यातील दारूबंदी १९९३ ची, आणि गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी मतदानाने 'बाटली आडवी' केली तर दुकान बंद करण्याची तरतूदही आपल्याकडे आहे. आबांच्या निर्णयामागे अशा ग्रामीण महाराष्ट्राची भावना उभी होती. तो केवळ ढोंग होता, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तथापि कायदा भावनेने नव्हे, शब्दांनी चालतो. ऑगस्ट २००५ पासून पोलीस अधिनियमात ३३अ आणि ३३ब ही दोन कलमे आली. ३३अ ने उपाहारगृह, परमिट रूम व बिअर बार यांतील कोणत्याही प्रकारच्या नृत्यास बंदी केली. ३३ब ने सवलत दिली: तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना, तसेच केवळ सभासदांसाठी असलेल्या जिमखान्यांना. तेच नृत्य पंचतारांकित हॉटेलात झाले तर संस्कृती, आणि महामार्गावरील बारमध्ये झाले तर अधःपतन!

बारमालकांची संघटना, नर्तकींची संघटना आणि काही स्त्रीवादी गट न्यायालयात गेले. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने ५०० नर्तकींच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास केला होता, तोही चर्चेत आला. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली: समानतेचा अनुच्छेद १४ आणि व्यवसायस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९(१)(छ) या दोहोंचा भंग. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी हा निकाल कायम केला. मधल्या सात वर्षांत निकालाला स्थगिती होती, म्हणजे जिंकूनही बार बंदच. न्यायालयापुढे ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेल्याचे मांडण्यात आले होते. त्यांतील कित्येकींचे पुढे काय झाले, याची नोंद कोणत्याही परवान्याच्या फाइलीत होणार नव्हती.

यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये सरकारने तारांकित हॉटेलांची सवलत काढून बंदी पुन्हा आणली. २०१५ मध्ये न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१६ मध्ये नवा कायदा झाला. त्यात बंदी नव्हती, अटी होत्या. शाळा व प्रार्थनास्थळांपासून १ किलोमीटर अंतर हवे (मुंबईचा नकाशा समोर घेऊन अशी एक तरी जागा शोधून पाहावी), सीसीटीव्ही हवेत, नृत्याच्या खोलीत मद्य नको, डान्स बारचा परवाना असेल तेथे ऑर्केस्ट्राचा परवाना नको. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने या अटी रद्द केल्या आणि नियमनाच्या नावाखाली सरसकट बंदी आणता येणार नाही, असे बजावले. नोटा उधळण्यावरील मनाई मात्र राहिली. वेळही राहिली: संध्याकाळी ६ ते रात्री ११.३०. मुंबईत परमिट रूम रात्री १.३० पर्यंत चालू शकते. म्हणजे एकाच दालनात दारूचे घड्याळ आणि नृत्याचे घड्याळ वेगवेगळे.

आता त्या ४ च्या आकड्याकडे येऊ.

नृत्य बंद झाल्यावर अनेक बारनी 'ऑर्केस्ट्रा'चा परवाना घेतला. त्यासाठीही १९६० चेच नियम. मंचावर वादक आणि गायिका. काही ठिकाणी गायिका खरोखर गात, काही ठिकाणी हातात माइक धरून केवळ उभ्या राहत. हे पोलिसांना ठाऊक होते आणि ग्राहकांनाही. मग परवान्यात अट आली: मंचावर जास्तीत जास्त ८ कलावंत, त्यांपैकी ४ स्त्रिया आणि ४ पुरुष. पाचवी गायिका मंचावर चढली तर परवान्याचा भंग.

या अटीची कल्पना करून पाहा. चार मुली गात आहेत. पाचवीचा आवाज त्यांच्याहून चांगला आहे, पण तिला मंचावर घ्यायचे तर एकीला खाली उतरवावे लागेल. दुसरीकडे पुरुष वादक मिळत नसतील तर जागा रिकामी ठेवायची, ती स्त्रीला द्यायची नाही. सरकारचा युक्तिवाद असा की यामुळे स्त्रियांचे रक्षण होते आणि ऑर्केस्ट्राच्या आडून डान्स बार चालवता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने अट योग्य ठरवली. 'हॉटेल प्रिया' या नावाने ओळखले जाणारे प्रकरण मग दिल्लीला गेले.

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने ही लिंगनिहाय मर्यादा रद्द केली. निकाल न्या. भट यांनी लिहिला. रक्षणाच्या नावाखाली स्त्रीला तिच्या व्यवसायातून बाहेर ठेवणे हे रक्षण नव्हे, तर स्त्री कशी असावी याविषयीच्या साचेबंद कल्पनेची सक्ती आहे, असा त्यातील मुख्य विचार आहे. धोका असेल तर कामाची जागा सुरक्षित करावी. काम करणारीला हटवू नये. या निकालाची बातमी दोन दिवस चालली. २०१३ च्या निकालावर झाला होता तेवढा गदारोळ झाला नाही.

२०२० च्या जानेवारीत 'मुंबई २४ तास' धोरण आले, तेव्हा मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. बार व परमिट रूम त्यातून वगळले गेले. आधीचा इतिहास वाचलेल्याला याचे आश्चर्य वाटू नये.

'हॉटेल प्रिया'च्या निकालानंतर मंचावर सर्व स्त्रिया असोत, सर्व पुरुष असोत किंवा कोणतेही मिश्रण असो, त्यास आडकाठी नाही. एकूण संख्येची मर्यादा मात्र न्यायालयाने तशीच ठेवली. ती आजही ८ आहे.