एक कचेरी, दोन साहेब

ब्रिटिश व अमेरिकी विनोदातील फरक ‘द ऑफिस’ या मालिकेच्या दोन आवृत्त्यांत स्पष्ट दिसतो. बीबीसीवरील मूळ मालिका (२००१-०३) रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिली. तिचे अवघे १४ भाग झाले. कागद कंपनीतील बढाईखोर साहेब डेव्हिड ब्रेंट याची दुसऱ्या पर्वाअखेर नोकरीच जाते. एनबीसीच्या अमेरिकी आवृत्तीचा पहिला भाग (२००५) मूळ संहितेवरच बेतलेला होता. पुढे मात्र स्टीव्ह कॅरेलने साकारलेला मायकेल स्कॉट प्रेमळ होत गेला. २०१३ पर्यंत लेखकांच्या चमूने २०१ भाग रचले. इतका दीर्घ सहवास जिव्हाळ्यावाचून टिकत नाही. ब्रिटिश विनोद माणसाची फजिती निरखत राहतो. अमेरिकी विनोद त्याला सावरून घेतो.