भुताला डोंबिवलीत जागा कुठे?

डोंबिवलीत भयपट घडवायचा तर पहिली अडचण येते ती जागेची. आपल्या पडद्यावरच्या भुताला पूर्वापार एकांत लागतो. गावाबाहेरची हवेली नाहीतर पडका वाडा, आणि हाकेच्या अंतरावर चिटपाखरू नाही. इकडे 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत 12 लाखांहून जास्त माणसं मोजली गेली, आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते कल्याण-शीळ रस्त्यानं एकदा गेलं की दिसतं. जिन्यात दिवा, गेटवर वॉचमन, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. शेवटची लोकल गेली तरी स्टेशनबाहेर दोन-चार रिक्षा उभ्याच. अशा ठिकाणी भूत बिचारं करणार काय?

तरीही 26 जानेवारी 2022 रोजी आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' थिएटरात लागला. त्यांनी भुताला रजा दिली आणि झोंबी आणले. झोंबीला गर्दी चालते. खरं तर गर्दीच लागते. ही युक्ती नुसत्या नावाच्या कोटीपुरती आहे असं मला वाटत नाही. ती नीट कळायला आपल्याकडच्या भयपटांची पहिली पाच-दहा मिनिटं मागे जाऊन बघावी लागतात. कारण प्रेक्षकाला कुठे बसवायचं आणि कशाकडे बघायला लावायचं, याचा सौदा तिथेच होतो.

मराठी माणसानं हा शोध पुण्यापासून सुरू करायला हरकत नाही. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर तिथे बनलेला पहिला चित्रपट म्हणजे 1934 चा 'अमृतमंथन'. तो भयपट नव्हे, पण त्याची सुरुवात आजही अंगावर येते. बळी देण्याची प्रथा राजानं बंद केल्यामुळे चिडलेल्या पुजाऱ्यांची गुप्त बैठक, ज्वाळांचा उजेड, भिंतीवर लांबच लांब सावल्या, आणि मग राजगुरूचा एक डोळा पडदाभर. हिंदी आवृत्तीत हा डोळा चंद्रमोहन यांचा. मराठीत राजगुरू होते केशवराव दाते. 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या निमित्तानं दिग्दर्शक व्ही. शांताराम जर्मनीला जाऊन आले होते आणि तिकडच्या सिनेमाची छाप त्या सावल्यांवर सरळ दिसते. डोळा टिपला तो टेलिफोटो लेन्सनं. ही लेन्स दूरची वस्तू जवळ ओढते आणि तसं करताना भोवतालची जागा खाऊन टाकते. त्या चौकटीत देऊळ उरत नाही, खांब उरत नाहीत, आपण कुठे आहोत याचा पत्ताच लागत नाही. भीती माणसाच्या नजरेत होती. घराला, भिंतीला, दाराला अजून कामावर घेतलेलं नव्हतं.

तीन वर्षांनी त्याच प्रभातच्या 'कुंकू'त वस्तूला काम मिळालं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ हे त्याच्याच आयुष्याचं मोजमाप होऊन बसतं. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे जे आवाज असतील तेवढेच. त्यामुळे घड्याळ आपोआप मोठं ऐकू येतं. विषय जरठ-कुमारी विवाहाचा असला तरी पुढे भयपटवाल्यांनी जे भांडवल वापरलं त्यातलं बरंचसं इथे जमा झालेलं आहे.

ते भांडवल व्याजासकट वसूल केलं 1949 च्या 'महल'नं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये कमाल अमरोहींनी हा चित्रपट केला, आणि कॅमेरा होता योझेफ विर्शिंग या जर्मन माणसाच्या हाती. वादळी रात्र, नवा मालक आपल्या जुन्या महालात येतो, कंदील घेतलेला म्हातारा माळी त्याला या वास्तूची गोष्ट सांगतो. मग भिंतीवरची तसबीर खाली पडते, आणि तिच्यात चेहरा निघतो तो मालकाचा स्वतःचाच. घड्याळात दोनचे ठोके पडतात आणि गाणं सुरू होतं. लता मंगेशकरांनी सांगितलेली त्या ध्वनिमुद्रणाची हकिकत प्रसिद्ध आहे. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं, आणि तशी यंत्रं हाताशी नाहीत. म्हणून त्या माइकपासून दूर उभ्या राहून गाता गाता चालत पुढे आल्या. अंतर आवाजात कसं आणायचं, हे त्या खोलीत पावलं टाकून सोडवलं गेलं.

'महल'नं हवेलीचा साचा पाडला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं सगळ्यांनी त्यात आपापली माती भरली. 1958 च्या 'मधुमती'त पुन्हा वादळ, दरड कोसळून अडलेली गाडी, आसऱ्याला जुनी हवेली, ओळखीची वाटणारी तसबीर. बिमल रॉयसारख्या माणसालाही हा दरवाजा टाळून आत शिरता आलं नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत हुशार वाटते ती राज खोसलांच्या 1964 च्या 'वो कौन थी?'ची सुरुवात. मुसळधार पाऊस, डॉक्टर गाडी चालवतोय, मध्येच रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतात. आता समोरचं काहीच दिसत नाही, आणि बाई मात्र वळणं सांगत राहते, कारण तिला दिसतंय. गाडी थांबते ती कब्रस्तानापाशी. या प्रसंगात दिग्दर्शकाचा खर्च किती? एक गाडी, नळीनं सोडलेला पाऊस आणि दोन वायपर. हवेली नाही, झुंबर नाही. रोज हाताळली जाणारी वस्तू ऐन वेळी काम करायची थांबते, एवढंच. मागाहून आलेल्या फ्लॅटमधल्या भुतांचं मूळ मी याच काचेवर शोधतो. पण त्या वेळी सगळ्यांनी उचलली ती पांढरी साडी. वायपर तिथेच राहिले.

रामसे बंधूंबद्दल नाक मुरडायची पद्धत आहे. निळे-हिरवे दिवे, धुराचे लोट आणि करकरणारं फाटक यांची टिंगल करणं सोपंही आहे. 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी त्यांनी अख्खं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं आणि खऱ्या जागेत शूटिंग उरकलं. कारण पैशाचं होतं, पण त्यातून एक फायदा अनायासे झाला. स्टुडिओतल्या सेटला सहसा छत नसतं, कारण वरून दिवे सोडायचे असतात. छत नाही म्हणजे कॅमेरा जमिनीवर ठेवून वर बघता येत नाही. खऱ्या बंगल्याला छत असतं. वाइड लेन्स लावून कॅमेरा पायाशी ठेवला की तुळया आणि कोपरे माणसाच्या डोक्यावर झुकतात, आणि खोली त्याला गिळायला टपल्यासारखी दिसते. 1984 च्या 'पुराना मंदिर'च्या आरंभी राजाच्या लवाजम्याचं चाक मोडतं आणि राजकन्या अंधार पडता पडता पडक्या वास्तूत शिरते. गोष्ट बाळबोध आहे, पण त्या भिंती खऱ्या वाटतात.

छताचा हा मुद्दा ठाण्यात जास्त पटतो. घोडबंदर रस्त्याच्या आसपास मराठी मालिकांचे सेट वर्षानुवर्षं लागत आलेत. तिथे दिवाणखान्याची एक भिंत गरजेप्रमाणे हलवता येते, दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, आणि सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत म्हणून उजेड सर्वत्र सारखा. त्या उजेडात कुठलाच कोपरा लपत नाही, त्यामुळे भीती उरते ती एकाच चेहऱ्यावर तीनदा झूम करण्यात आणि 'धाड्' करून संगीत टाकण्यात. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' वेगळी वाटली त्याचं श्रेय मी निम्मं तरी सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या घराला देईन. खरी पडवी, खरं माजघर, आणि दारातून आत बघितलं तर पलीकडे आणखी एक दार. अशा घरात माणूस पुढे उभा असतो आणि त्याच्यामागे तीन खोल्या अंधार उभा असतो.

वाड्याचं हे काम पूर्णत्वाला नेलं राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'नं. नारायण धारपांच्या कथेचा धागा, सासवडचा वाडा, पंकज कुमार यांचा कॅमेरा आणि संपता न संपणारा पाऊस. चित्रपट 2018 मध्ये आला. त्याआधीची कित्येक वर्षं तो बनतच होता. 1918 सालचा पहिला भाग बघताना लक्षात येतं की उजेड कुठून येतोय ते दर वेळी दाखवलेलं आहे: दिवा, चूल, आभाळाचं ढगाळ तोंड. उजेडाला कारण आहे म्हणून अंधारालाही कारण मिळतं. साखळदंडानं बांधलेली म्हातारी आपल्याला नीट दिसायच्या आधी तिच्यासाठी चाललेला स्वयंपाक आपण बघतो आणि तिचं घोरणं ऐकतो. ताटात किती वाढलंय, ते वेळेवर पोचलं नाही तर काय होईल, एवढ्यावर तो भाग तोललेला आहे. चित्रपट हिंदी असला तरी त्यातलं घर मराठी आहे, आणि ते कुणी बाहेरून बघून उभं केलेलं नाही.

वाडा एकीकडे असा पिकत असताना भूत शहरात येऊन राहिलंही होतं. ही वाट रामगोपाल वर्मांनी पाडली. 1992 च्या 'रात'मध्ये रिकाम्या गावातून रेवती चालतेय आणि स्टेडीकॅम जमिनीलगत तरंगत तिचा माग काढतोय. मागे कोण आहे ते कळत नाही. जे आहे त्याच्या डोळ्यांतून आपण बघतोय, एवढं कळतं. अमेरिकेत 1978 च्या 'हॅलोवीन'च्या आरंभीच्या लांबलचक शॉटनं हा खेळ केला होता. 2003 च्या 'भूत'मध्ये वर्मांनी हवेली पूर्णच सोडली. मुंबईतला उंचावरचा फ्लॅट, लिफ्ट, आरसा, वॉचमन. गाणी नाहीत. 2009 च्या '13 बी'त तर साधं दूध नासतं, लिफ्ट सगळ्यांसाठी चालते आणि एकट्या नायकासाठी अडते, देवघराच्या भिंतीत खिळा जात नाही. पी. सी. श्रीराम यांनी ते घर स्वच्छ उजेडात दाखवलं. वायपर अखेर परत आले म्हणायचे!

आता डोंबिवली. माझ्या मते 'झोंबिवली'चा खरा पूर्वज भयपटांत सापडतच नाही. तो आहे निशिकांत कामत यांचा 2005 चा 'डोंबिवली फास्ट'. त्याची सुरुवात आठवा. गजर, आंघोळ, डबा, स्टेशन, गाडीत चढण्याची झुंबड, ऑफिस, परत घर, परत गजर. संजय जाधव यांचा कॅमेरा वस्तूंच्या अगदी जवळ जातो, तुकडे छोटे होत जातात, तोच दिवस पुन्हा पुन्हा आणि दर वेळी जास्त वेगानं येतो. नायक माधव आपटेनं अजून बॅट उचललेली नाही, पण प्रेक्षकाच्या मानेच्या शिरा ताणल्या गेलेल्या असतात. 'कुंकू'त आणि 'महल'मध्ये घड्याळ दिवाणखान्यात टांगलेलं होतं. इथे ते उशाशी आलं, आणि दोनच्या ठोक्याला लाजवेल असा दरारा सकाळच्या गजरानं कमावला. अंधार आणि एकांत यांच्याशिवाय धास्ती उभी करता येते हे या गावाच्या नावावर तेव्हाच सिद्ध झालं होतं.

'झोंबिवली'नं त्यात पाणी आणलं. इंजिनिअर सुधीर आणि त्याची गरोदर बायको सीमा मोठ्या गृहसंकुलात राहायला येतात, शेजारी जनतानगरची वस्ती, आणि दोघांमध्ये पाण्याचा प्रश्न. रोग पसरतो तोही पाण्यातून. सेटवरची खरी प्रॉपर्टी इथे नळ, टाकी आणि संकुलाचं फाटक. रामसेंच्या फाटकातून भूत बाहेर यायचं. या फाटकातून कुणाला आत घ्यायचं हा वाद आहे. हसवण्याच्या नादात चित्रपट हे ताण पुरते वापरत नाही, विनोद येतो आणि आवळलेली गाठ सुटते, ही माझी तक्रार आहे. पण जागेची निवड चुकलेली नाही. जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तो बघायला आले. आर्टवाल्यांनी असा रस्ता रंगवला असता तर दिग्दर्शकानं भडक म्हणून पुसायला लावला असता.

सरपोतदारांनी नंतर 'मुंज्या' केला. 2024 चा हा चित्रपट 1952 च्या कोकणात उघडतो. समुद्र, झाड, बळी द्यायला निघालेला पोरगा. धंदा 100 कोटींच्या वर गेला, आणि जाणारच होता, कारण पिंपळाच्या मुळांवर कॅमेरा लावला की अर्धं काम आजीच्या गोष्टींनी आधीच केलेलं असतं. डोंबिवलीच्या टॉवरला अशी पूर्वपुण्याई नाही. एमआयडीसीच्या आसपास राहणारे लोक रात्री-अपरात्री येणाऱ्या उग्र वासाची तक्रार वर्षानुवर्षं करत आलेत. वास कॅमेऱ्यात येत नाही, ही दिग्दर्शकाची अडचण खरी. पण कॅमेरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवावा, टेलिफोटो लावावी आणि एकामागून एक खिडक्या लागताना दाखवाव्यात. कुठल्या मजल्यावरची खिडकी उघडी राहिली तेवढं प्रेक्षक आपणहून शोधील.