वैमानिकाचें साठावें वर्ष

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा माणूस मलकापूरला किंवा शेगांवला आगगाडी गांठतो. विमान त्यानें बहुधा डोक्यावरून जातांनाच पाहावयाचें. तथापि वय झालें म्हणून चाकरी संपणें ही गोष्ट वऱ्हाडांतील पांढरपेशा घरांस चांगलीच परिचयाची आहे. 1922 च्या फंडामेंटल रूल्सनीं सरकारी अंमलदारास 55 व्या वर्षीं घरीं बसविलें; कारकून मात्र कामास लायक असेल तर त्यास साधारणपणें 60 पर्यंत ठेवावें, अशी सवलत त्याच नियमांत होती. म्हणजे एकाच कचेरींत म्हातारपण दोन निरनिराळ्या वर्षीं येई! वैमानिकांच्या वयोमर्यादेचा इतिहास वाचतांना आम्हांस याची वारंवार आठवण झाली.

त्या इतिहासाचें पहिलें ठळक प्रकरण अमेरिकेंतील आहे. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें आपल्या वैमानिकांस 60 व्या वर्षीं निवृत्त करण्याचें ठरविलें. वैमानिक भांडले, आणि लवादाचा कौल त्यांच्या बाजूनें पडला. तेव्हां कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनीं 1959 मध्यें सरकारी विमानखात्याचे प्रमुख क्वेसाडा यांच्याकडे धांव घेतली. जेट विमानें नुकतींच आलीं होतीं व वयस्क वैमानिकांस तीं शिकविणें कंपन्यांस जड जात होतें. 15 मार्च 1960 पासून साठीची मर्यादा सर्व अमेरिकन कंपन्यांस लागू झाली. सरकारनें कारण दिलें तें असें, कीं ऐन उड्डाणांत हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव वयाबरोबर वाढतो. हें कारण खोटें नव्हे. ज्याच्या हातीं शेंकडों जीव आहेत त्याच्याविषयीं अशी चिंता वाहणें योग्यच आहे. परंतु हा धोका साठाव्या वाढदिवसाच्या सकाळीं एकाएकीं अवतरतो, असें कोणताहि वैद्य म्हणणार नाहीं.

पुढें आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनेंहि 60 चा आंकडा स्वीकारला, आणि तो नोव्हेंबर 2006 मध्यें 65 वर नेला. अट एवढीच, कीं दोघांपैकीं एक वैमानिक साठीच्या आंतला असावा. डिसेंबर 2007 मध्यें अमेरिकेनें 65 ची मर्यादा पत्करली. 2014 मध्यें जोडीदाराची ती अटहि गेली. भारतांतहि सांप्रत मर्यादा 65 चीच आहे. वैद्यकीय तपासणीचीं साधनें सुधारलीं हें खरें; तरी अनुभवी माणसांची गरज नसती तर तीं साधनें इतक्या लवकर कोणास पटलीं असतीं, असें आम्हांस वाटत नाहीं.

ही बंदी पैसे घेऊन विमानवाहतूक करणाऱ्यांपुरतीच आहे. खासगी परवान्यास वयाची वरची मर्यादा नाहीं, प्रकृति तेवढी धड लागते. जे. आर. डी. टाटा यांनीं 15 ऑक्टोबर 1932 रोजीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान आणलें, तेव्हां ते 28 वर्षांचे होते. त्याच वाटेनें 15 ऑक्टोबर 1982 रोजीं ते पुन्हा विमान चालवीत जुहूस उतरले, तेव्हां त्यांचें वय 78 होतें.

वैमानिकाच्या बाबतींत निदान प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न होता. मुंबईच्या एअर इंडियांत हवाई सुंदरीस मात्र 35 व्या वर्षीं, किंवा पहिल्या गरोदरपणींच, नोकरी सोडावी लागे. पस्तिशीनंतर मुदत वाढवावयाची तर तें व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. त्याच विमानांत प्रवाशांची सेवा करणारा पुरुष कर्मचारी मात्र 58 पर्यंत राही. हृदयाचा, दृष्टीचा येथें कांहींच संबंध नव्हता. नर्गेश मिर्झा व इतर जणी याविरुद्ध न्यायालयांत गेल्या. 1981 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गरोदरपणाची अट व संचालकाचा बेलगाम अधिकार रद्द केला. पण दोघांचे वर्ग निराळे आहेत असें ठरवून वयांतील हा फरक भेदभाव मानला नाहीं, आणि नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास काढून टाकण्याचा नियमहि तसाच ठेवला.