उघड्या पाठीचा हेडफोन आणि मिरजेची जवारी

हेडफोन घ्यायला दुकानात गेलात की विक्रेत्याचं पहिलं वाक्य बेसबद्दल असतं आणि दुसरं, बाहेरचा आवाज कसा अजिबात आत येत नाही याबद्दल. नाशिकच्या एम. जी. रोडवर ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आता मीच ती म्हणून दाखवू शकतो. पण या दोन्ही बाबतींत उणा पडणारा एक प्रकार आहे, आणि माझं काम त्याच्याशिवाय होत नाही. त्याला ओपन-बॅक म्हणतात. कानावर बसणाऱ्या वाटीची पाठ त्यात बंद नसते, तिथे जाळी असते. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. रात्री मी मुशायरा ऐकत असलो की शेजारी झोपलेल्या बायकोलाही तो ऐकावा लागतो, आणि दाद नेहमीच मिळते असं नाही.

माझं काम म्हणजे जुन्या कॅसेटी. गेल्या शतकाच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत मालेगावात आणि जुन्या नाशकात मुशायऱ्यांच्या, तकरिरींच्या, लग्नातल्या गाण्यांच्या कॅसेटी घरोघरी भरल्या गेल्या. त्यातले आवाज आता हयात नाहीत. शाळा सुटल्यावर मी त्या कॅसेटी संगणकावर उतरवतो आणि ऐकून कागदावर लिहितो. उर्दूत ‘जलील’ म्हणजे थोर आणि ‘ज़लील’ म्हणजे अपमानित, नीच. फरक एका नुक्त्याचा. ‘फन’ म्हणजे नागाचा फणा, ‘फ़न’ म्हणजे कला. मराठीतही असं आहेच, फक्त आपण तिथे नुक्ता देत नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एकदा मोठ्याने म्हणून पाहा. हे फरक आवाजाच्या वरच्या पट्टीत असतात. ‘स’चा जोर साधारण चार हजार हर्ट्झच्या वर असतो, आणि जुना टेलिफोन ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकायचा. म्हणून फोनवर ‘स’ की ‘फ’ हे कळत नसे आणि नाव सांगताना ‘स, सफरचंदाचा’ असं म्हणावं लागे. गंमत म्हणजे कॅसेटची खरखरही त्याच वरच्या पट्टीत बसते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर बेताने वापरलं नाही तर खरखरीबरोबर ‘ख़’ आणि ‘फ़’ही घेऊन जातं. बेस फुगवलेला हेडफोन तेच करतो, निराळ्या वाटेने. एखाद्या मरहूम बुजुर्गाला भर सभेत कोणी थोर म्हटलं होतं की नीच, हे माझ्या कानावरच्या दोन वाट्यांवर ठरणार असेल, तर त्या वाट्यांचा इतिहास मला माहीत असायला हवा असं मला वाटतं.

हा इतिहास स्वयंपाकघरात सुरू होतो. अमेरिकेतल्या युटामध्ये नथानिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१०च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि अमेरिकी नौदलाने ते घेतले. त्या काळचा हेडफोन म्हणजे लोहचुंबकासमोर लोखंडी पत्र्याची चकती. बोलणं कळलं म्हणजे झालं, गोडव्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्या काळातल्या साध्या क्रिस्टल सेटला वीज लागत नसे आणि त्यातून भोंग्याइतका आवाजही निघत नसे. रेडिओ ऐकायचा तर हेडफोन कानाला लावूनच. पुढे बर्लिनमध्ये बायर कंपनीने १९३७ साली डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन आणला. यात पत्र्याऐवजी तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा, म्हणजे लाउडस्पीकरचीच छोटी आवृत्ती. १९५८मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने संगीत ऐकण्यासाठी म्हणून स्टीरिओ हेडफोन काढला. कॉस स्वतः जॅझ वाजवणारा. पण तोपर्यंतचा रिवाज एकच होता, वाट्या बंद आणि कानावर घट्ट.

बंद वाटीची अडचण साधी आहे. पडदा पुढे सरकला की कानाकडे आवाज जातो, पण मागेही तितकाच जातो. तो मागचा आवाज वाटीत कोंडतो, भिंतीवर आपटून परततो आणि पातळ पडद्यातून पुन्हा कानात शिरतो. विहिरीत तोंड घालून बोलल्यावर जसं होतं तसंच काहीसं, फक्त फार बारीक प्रमाणात. जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या सेनहायझरने १९६८ साली या मागच्या आवाजाला वाट करून दिली. एचडी ४१४ हा त्यांचा हेडफोन, जगातला पहिला ओपन हेडफोन. प्लॅस्टिकचा हलका सांगाडा आणि कानावर पिवळा स्पंज. पाठीला छिद्रं. ऐकणाऱ्याला खोली बंद केल्यासारखं वाटत नसे. त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. मात्र पडद्याच्या मागचा आणि पुढचा आवाज एकमेकांना भेटला की खालचे सूर एकमेकांना खातात, त्यामुळे बेस उतरतो. एम. जी. रोडवरचा विक्रेता खोटं बोलत नाही, एवढं मान्य करायला हवं.

१९७९च्या सोनी वॉकमनबरोबर आलेला स्पंजवाला हेडफोनही उघड्या पाठीचाच होता. आमच्या मोहल्ल्यात वॉकमन यायचे ते आखातातून, सुट्टीवर आलेल्या कोणाच्या तरी बॅगेतून. काही वर्षांत स्पंजचा भुगा व्हायचा, मग भांडी घासायच्या स्पंजचा गोल कापून लावला जायचा. त्याने आवाज बदलायचा, हे सगळ्यांना कळायचं. पण त्याला कोणी शास्त्र म्हणत नसे, जुगाड म्हणायचे. आज इंग्रजीत यालाच मॉडिंग म्हणतात. कॉसचा १९८४चा पोर्टा प्रो घेऊन लोक त्याची पाठ आणखी उघडतात, दुसऱ्या कंपनीचे स्पंज चढवतात. ब्रुकलिनच्या ग्रेडो हेडफोनच्या स्पंजला नाण्याएवढं भोक पाडतात. १९९७चा सेनहायझर एचडी ६०० तर जवळजवळ पूर्ण सुटा होतो. वायर, गाद्या, जाळी आणि आतले ड्रायव्हरसुद्धा बदलता येतात. म्हणून पंचवीस वर्षं जुने हेडफोन अजून वापरात आहेत.

फेरफार करणं सोपं आहे. अवघड हे, की फेरफाराने आवाज सुधारला की नुसता बदलला, हे ठरवायचं कसं? दोन हेडफोनांत जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा लागतो. एचडी ६०० हा ३०० ओहमचा. मोबाइलला लावला तर तो हळू वाजतो आणि अशा तुलनेत विनाकारण हरतो. दुसरी अडचण ही की डोळे बांधले तरी डोक्यावर कोणता हेडफोन आहे हे वजनावरून कळतंच. अमेरिकेत हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३च्या सुमारास यावर छान तोडगा काढला. एकाच हेडफोनमधून वेगवेगळ्या हेडफोनांच्या आवाजाची नक्कल वाजवायची आणि ऐकणाऱ्यांना पसंती विचारायची. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. मला कसोटीसाठी एखादा असा आवाज हवा होता ज्यात तळ आणि वरचे बारीक सूर एकत्र असतील, आणि जो मी प्रत्यक्षही ऐकलेला असेल. तो तंबोऱ्याचा निघाला.

तंबोरा म्हटला की मिरज. तिथल्या शिकलगारांची गोष्ट मी शाळेत मुलांना सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात ती मला कधी दिसली नाही. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारींची मागणी संपली. १८५०च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरातल्यांनी गवयांच्या तंबोऱ्यांची दुरुस्ती सुरू केली, मग तंबोरेच बनवायला लागले. संस्थानिक पटवर्धनांची मिरज तेव्हा गाण्याचं गाव होत होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे राहिले आणि त्यांच्याकडे शिकून विष्णू दिगंबर पलुसकर बाहेर पडले. हे पलुसकर पुढे आमच्या नाशकात आश्रम काढून राहिले, म्हणजे हा धागा अगदी गोदावरीपर्यंत येतो. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ साली गेले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी त्यांच्या आठवणीत तिथे गाणं होतं. कारागीर घराण्याचं आडनावच सतारमेकर होऊन गेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

या कारागिरांचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी काढणं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी थोडा उतार असतो. पूर्वी ती हस्तिदंताची असे, आता हाडाची किंवा शिंगाची. तार त्या उतारावर पूर्ण टेकत नाही आणि पूर्ण सुटतही नाही, कंप पावताना घासत राहते. घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला की आवाज बंद पडतो किंवा एकदम उमलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर स्थिर राहणारे वरचे सूर नियमाप्रमाणे उमटायला नकोत, पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, आणि त्याचं कारण ही घोडी, असं त्यांनी दाखवलं. कारागिराला हा नियम कोणी सांगितला नव्हता. तो कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. किती घासायचं हे त्याच्या कानाला माहीत असतं, आणि एकदा जास्त घासलं की परत लावता येत नाही. हत्याराला धार देणारा हात एका घासात किती धातू जातो हे ओळखतो. मला हे कौशल्य तलवारीकडून तारेकडे सरळ चालत आलेलं दिसतं. आपल्याकडे मात्र असा हात असलेल्या माणसाला ‘मिस्त्री’ म्हणून विषय मिटवतात.

तंबोऱ्याच्या एका रेकॉर्डिंगवर मी माझे हेडफोन तपासायला घेतले. बंद पाठीच्या एका जोडीत खर्ज भला मोठा, जवारी मात्र घोंगडीखाली झाकल्यासारखी. माझ्या साध्या ओपन-बॅकमध्ये खर्ज बारीक, पण वरचे सूर एकेक सुटे. त्यात ‘स’ टोचत होता. मग पडद्यासमोर टिश्यू पेपरचा गोल लावला. टोचणं गेलं, जवारीचं टोकही थोडं गेलं. टिश्यू अर्धा केला, ते जमलं. पाठीमागच्या जाळीतला स्पंज काढून पाहिला, फरक इतका कमी की आवाज सारखा करून ऐकल्यावर मी खात्रीने सांगू शकलो नाही. तो परत बसवला. वायर बदलण्यावर लोक हजारो रुपये घालतात. ते पैसे मी गाद्यांवर घालीन, कारण सगळ्यात मोठा फरक गाद्यांनी पडला. रेक्झिनच्या गाद्या कानाभोवती हवा अडवतात, बेस वाढतो. मखमली गाद्यांतून हवा झिरपते, बेस उतरतो. आणि गादी वापरून चपटी झाली की पडदा कानाच्या जवळ येतो, सगळाच तोल बदलतो. हेडफोन ‘बिघडला’ म्हणून कपाटात टाकण्याआधी गाद्या बदलून पाहा.

सगळ्यांनी ओपन-बॅक घ्यावा असं मी म्हणणार नाही. मालेगावात यंत्रमागाच्या गल्लीत तो निरुपयोगी आहे, मिरवणुकीत नाशिक ढोल वाजत असताना तर विचारूच नका. बसमध्ये लावाल तर शेजारचा तुमचं गाणं ऐकेल. त्याला शांत खोली लागते. जुन्या नाशकात ती मला पहाटे फजरनंतर तासभर मिळते, दूधवाल्यांच्या मोटारसायकली सुरू होईपर्यंत.

त्या तासात सध्या एका मुशायऱ्याची कॅसेट चालू आहे, दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांची. पहिली बाजू लिहून झाली. एका शेरातला एक शब्द बंद हेडफोनवर ‘सजा’ म्हणजे सजवलेला वाटत होता, ओपनवर स्पष्ट ‘सज़ा’ ऐकू येतो आणि शेराचा अर्थ उलटतो. मी तो नुक्त्यासकट लिहिला आहे आणि समासात पेन्सिलीने वेळ नोंदवली आहे, म्हणजे माझ्यानंतर कोणी ऐकेल त्याला ती जागा लगेच सापडेल. दुसऱ्या बाजूला खरखर जास्त आहे. तिच्यासाठी नव्या गाद्या मागवल्या आहेत.